न ऐकणारे हात, खोटी साक्ष देणारे डोळे

आपोआप चालणाऱ्या कोणत्याही यंत्राला डोळे असतात, तसे हातही असतात. वेग, उंची, दाब, उष्णता मोजणारीं मापकें हे त्याचे डोळे. झडपा, मोटारी, विमानाच्या पंखांवरील व शेपटीवरील हलत्या फळ्या हे त्याचे हात. मध्यें बसलेला गणक डोळ्यांनीं पाहतो व हातांस आज्ञा करतो. यांपैकीं एखादा अवयव बिघडला म्हणजे त्या गणकाची, आणि तो रचणाऱ्याची, खरी परीक्षा होते.

हात गेल्याचें प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेंतील आहे. १९ जुलै १९८९ रोजीं डेन्व्हरहून शिकागोकडे निघालेल्या एका डीसी-१० विमानाच्या शेपटींतील एंजिनाची पंख्याची तबकडी आकाशांतच फुटली. फळ्या हलविण्यासाठीं तेलाच्या दाबावर चालणाऱ्या तीन स्वतंत्र व्यवस्था होत्या. एक गेली तर दुसरी, दुसरी गेली तर तिसरी, असा तो बंदोबस्त होता. पण शेपटीजवळ तिन्ही एकाच स्फोटाच्या टप्प्यांत सांपडल्या आणि सर्व तेल वाहून गेलें. कप्तान अल् हेन्स, त्यांचे सहकारी व प्रवासी म्हणून बसलेले एक वैमानिक-शिक्षक डेनिस फिच यांनीं उरलेल्या दोन एंजिनांचा जोर कमीअधिक करीत, सारखें उजवीकडे वळूं पाहणारें तें विमान पाऊण तासाच्या आंत सू सिटीच्या धांवपट्टीपर्यंत आणलें. तेथें तें आपटून मोडलें; तरी २९६ पैकीं १८४ माणसें वाचलीं. पुढें ऑगस्ट १९९५ मध्यें ‘नासा’नें हीच युक्ति गणकास शिकविली आणि गॉर्डन फुलर्टन यांनीं एक एमडी-११ विमान केवळ एंजिनांच्या जोरावर सुखरूप उतरवून दाखविलें.

हात मेला तर निदान तें लवकर कळतें. डोळ्याचें तसें नाहीं. बिघडलेला डोळा आंधळा होतोच असें नव्हे. तो शपथेवर खोटी साक्ष देऊं लागतो. बोइंग ७३७ मॅक्स या विमानावर समोरच्या वाऱ्याशीं होणारा कोन मोजणारीं दोन मापकें होतीं. परंतु विमानाचें नाक खालीं लोटणारी व्यवस्था एका वेळीं त्यांतील एकाचेंच ऐके. दुसरा साक्षीदार शेजारीं उभा असतां त्याला विचारूंच नये, याला काय म्हणावें! २९ ऑक्टोबर २०१८ रोजीं इंडोनेशियांत व १० मार्च २०१९ रोजीं इथिओपियांत मिळून ३४६ माणसें गेलीं. आतां दोन्ही मापकांचा ताळा पाहिला जातो. त्यांत फार अंतर पडलें, तर ती व्यवस्था गप्प राहते.

मात्र साक्षीदार वाढविले कीं काम झालें, असेंही नाहीं. ७ ऑक्टोबर २००८ रोजीं क्वांटास कंपनीचें एअरबस ए-३३० विमान ३७,००० फुटांवरून सिंगापूरहून पर्थकडे चाललें होतें. त्यावर मापनाचे तीन संच होते आणि गणक तिघांचे आंकडे ताडून पाही. एखादा आंकडा इतरांपासून फार फुटला, तर पूर्वीचा विश्वासाचा आंकडा तो १.२ सेकंद धरून ठेवी. योजना शहाणपणाची होती. पण पहिला संच क्षणभर चुके, लगेच बरोबर सांगूं लागे, पुन्हां चुके. चूक सलग टिकली असती, तर तो संच बादच ठरला असता. अशांत एका चुकीनंतर बरोबर १.२ सेकंदांनीं दुसरी चूक आली. मुदत नुकतीच संपलेली. गणकानें तो आंकडा खरा मानला आणि विमानाचें नाक एकदम खालीं केलें. विमान ६५० फूट खालीं आलें. पट्टे न बांधलेले लोक छतावर आपटले. (पट्ट्याचा कंटाळा करणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.) कांहीं मिनिटांतच तसाच दुसरा झटका बसला. शंभराहून अधिक माणसें जखमी झालीं, त्यांपैकीं बारांना गंभीर दुखापत झाली; वैमानिकांनीं विमान लिअरमंथ येथें उतरविलें.

तो संच नंतर तपासकांनीं कसून पाहिला. तो चुकीचे आंकडे कां देऊं लागला, याचें निश्चित कारण त्यांच्या २०११ च्या अहवालांतही सांपडलें नाहीं. तरीही गणकाची आंकडे पारखण्याची रीत बदलण्यांत आली, आणि एकाच संचाच्या अशा चुकांनीं नाक खालीं जाण्याची वाट बंद झाली.