सपाट रानाचे चित्र

श्रोतेहो, निसर्गदृश्याच्या छायाचित्रणास रुंद कोनाचेच भिंग हवे, असा एक समज सर्वत्र रूढ आहे. मीही तो बाळगून होतो. त्याची किंमत मला कशी मोजावी लागली, तेच आज आपणांस सांगणार आहे.

आमचे रान कलबुर्गी-आळंद रस्त्यावरील कडगंचीच्या शिवारात होते. काळी जमीन, तुरीचे पीक. ना डोंगर, ना दरी. ज्या तुरीच्या डाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन लाभले, तिचाच हा मुलूख. ते रान संक्रांतीनंतर विकावयाचे ठरले. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आईला सोलापूरहून येणे शक्य नव्हते. "फुललेली तूर अन् बांधावरचा लिंब, एवढा एक फोटो आण," इतकेच तिने मागितले. साठविलेल्या पैशांतून मी २४ मिलिमीटर नाभ्यंतराचे भिंग घेतले आणि कार्तिकात पिवळे रान टिपून आणले. आईने चित्र दूर धरले, जवळ धरले आणि म्हणाली, "आभाळ छान आलंय रे. पण लिंब कुठं आहे?"

दोष भिंगाचा नव्हता, निवडीचा होता. हिशेब अगदी शाळकरी आहे. लिंब तीस फूट उंच, मी सहाशे फुटांवर; म्हणजे उंची अंतराच्या विसाव्या हिश्शाइतकी. प्रतिमाही नाभ्यंतराच्या विसाव्या हिश्शाइतकीच उमटणार. २४ मिलिमीटरच्या भिंगाने ती सव्वा मिलिमीटरही भरत नाही. १०० मिलिमीटरच्या भिंगाने ती ५ मिलिमीटर होते. चौकटीची उंची असते २४ मिलिमीटर. पहिल्या चित्रात झाड म्हणजे एक ठिपका. दुसऱ्यात ते चौकटीचा पाचवा हिस्सा व्यापते.

मग झाडाजवळ का जाऊ नये, असे आपण विचाराल. जावे, परंतु झाड मोठे होते, तसे त्यामागचे गाव मोठे होत नाही. झाड व गाव यांचे परस्परांशी प्रमाण ठरवितात ते आपले पाय; भिंग केवळ चौकट आखते. म्हणून आधी जागा निवडावी, भिंग मागाहून.

अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांचे हर्नान्डेझ गावावरील चंद्रोदयाचे १९४१ सालचे चित्र जगप्रसिद्ध आहे. त्यात आकाश अफाट दिसते. तरीही ते २३ इंच नाभ्यंतराच्या लांब भिंगाने घेतलेले आहे. त्यांच्या आठ बाय दहा इंची फिल्मला साधारण भिंग तेरा इंचांच्या आसपासचे लागते. उलट हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर, पायाखालच्या खडकापासून क्षितिजापर्यंत सारेच हवे असते; तेथे रुंद कोनाचे भिंगच शोभते.

खरेदीपूर्वी एक सोपा प्रयोग करावा. पुठ्ठ्यात ७.२ बाय १०.८ सेंटिमीटरची खिडकी कापावी आणि एक डोळा मिटून तिच्यातून पाहावे. पुठ्ठा डोळ्यापासून सात सेंटिमीटरांवर धरला, तर २४ मिलिमीटरच्या भिंगाचे दृश्य दिसते. पंधरांवर ५० चे, तिसांवर १०० चे. आपले मन कोठे रमते, ते पाहून भिंग निवडावे. लांब भिंगाला मात्र तिपाई हवी आणि वेळ सकाळची हवी; दुपारच्या झळांनी चित्र थरथरते.

पौषात मी उसने भिंग घेऊन पुन्हा रानात गेलो. तूर कापली गेली होती. काळ्या मातीत खुंट तेवढे उरले होते. ती पिवळी फुले माझ्या चुकीने कायमची हुकली. लिंब मात्र चौकटीत स्पष्ट आला, त्यामागे गावही आले.

आईने त्या चित्रावर बोट ठेवले. "हाच बांध. इथंच तुझे बाबा भाकरी खायचे." मग बराच वेळ ती काही बोलली नाही.

श्रोतेहो, भिंग घेण्यापूर्वी एवढेच स्वतःला विचारावे : या चित्रात कोण काय शोधणार आहे?