बुरखाधारी ललिता पवार आणि माझी आजी

हेडफोन लावून ऐकत असाल तर आवाज जरा वाढवा, कारण हा भाग मी निगडीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये अर्धा रेकॉर्ड केलाय. मागे तळवड्याचा ट्रॅफिक ऐकू येईल. तो काही मला एडिट करता आला नाही.

तर झालं असं. 1903 सालचा एक अमेरिकन मूकपट आहे, 'द ग्रेट ट्रेन रॉबरी'. एडिसनच्या कंपनीचा, दिग्दर्शक एडविन पोर्टर. जेमतेम बारा मिनिटांचा. दरोडेखोर ट्रेन अडवतात, पैसे लुटतात, घोड्यांवरून पळतात आणि शेवटी मारले जातात. वेस्टर्न सिनेमाचा हा आजोबाच म्हणा, आणि गंमत म्हणजे शूट झाला अमेरिकेच्या पूर्वेला, न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे! त्यात एक शॉट आहे. मिशीवाला दरोडेखोर थेट आपल्याकडे बघून पिस्तूल झाडतो. हा शॉट सुरुवातीला दाखवायचा की शेवटी, ते थिएटरवाल्याने ठरवायचं. म्हणजे कॉन्फिगरेबल! माझ्यासारख्या कोडवाल्याला हे लय आवडलं.

मग डोक्यात आलं, आपल्याकडे असं काही होतं का? शोधत गेलो आणि सापडला 'दिलेर जिगर'. साल 1931. मूकपट. आणि बनवला कुणी? पुण्याच्या अग्रवाल फिल्म कंपनीने. दिग्दर्शक जी. पी. पवार.

गोष्ट साधी आहे. चांगल्या राजाला, चंद्रप्रतापला, त्याचा भाऊ काळसेन संपवतो. राजाचं तान्हं बाळ वाचतं, मोठं होऊन रस्त्यावर कसरतीचे खेळ करतं. तो हमीर. त्याची जोडीदारीण सारंगा. पुढे हीच सारंगा तोंडावर बुरखा चढवून तलवार घेते आणि काळसेनच्या माणसांशी भिडते. 'मार्क ऑफ झोरो' 1920 मध्ये आला होता, त्याची सावली सरळ दिसते. पण तिथे डग्लस फेअरबँक्स होता, इथे मुलगी आहे. ट्रेन रॉबरीत कायदा जिंकतो आणि दरोडेखोर मरतात. इथे गादीवर बसलेलाच चोर आहे, म्हणून कायद्याबाहेरची माणसं आपली वाटतात. मला विचाराल तर दुसरी गोष्ट जास्त भारी.

आणि ही सारंगा म्हणजे ललिता पवार. हो, त्याच. 'रामायण' मालिकेतली मंथरा, शेकडो सिनेमांतली खाष्ट सासू. जन्म 1916 चा, येवल्याचा. म्हणजे तेव्हा वय फार तर पंधरा. 1942 मध्ये शूटिंगला एक थप्पड जोरात बसली, डोळा कायमचा अधू झाला आणि नायिकेची कामं गेली. आपल्याला माहीत असलेला चेहरा हा त्यानंतरचा. शेवटची वर्षं त्या आपल्या औंधमध्ये राहायच्या, 1998 मध्ये तिथेच गेल्या. मी औंधवरून किती वेळा गेलोय, काही पत्ताच नाही.

आता 1931 सालच वाईट. 14 मार्चला मुंबईत 'आलम आरा' लागला, पडदा बोलायला लागला आणि मूकपट एका फटक्यात जुने झाले. फिल्म तेव्हा नायट्रेटची, पटकन पेट घेणारी. काही जळल्या, काही सडल्या, काही चांदी काढायला वितळवल्या. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट झाले, त्यातले अगदी मोजके उरलेत. पुण्यात फिल्म अर्काइव्ह 1964 मध्ये आलं, म्हणजे तोवर बहुतेक गेलंच होतं. 'दिलेर जिगर' वाचला.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायचीय. आजी, म्हणजे वडिलांची आई, खेड तालुक्यातली. जत्रेत तंबूत सिनेमा कसा बघायची, बायकांच्या आणि पुरुषांच्या मध्ये कापड कसं लावायचे, रीळ तुटलं की लोक कशा शिट्ट्या मारायचे, हे सगळं तिने दोन वर्षांपूर्वी मला सांगितलं होतं. चाळीस मिनिटं रेकॉर्ड केलं होतं. मोबाइल बदलला, रिसेट मारला, बॅकअप नव्हता. माझं दिवसभराचं काम काय, तर गाड्यांचा डेटा नीट साठवणं! हसू नका.

या दिवाळीत परत विचारलं. "आजी, तंबूतलं सांग ना." ती म्हणाली, "कसला तंबू?" डॉक्टर म्हणतात, वयाने होतं.

म्हणून मी तिला फोनवर 'दिलेर जिगर'चा तुकडा लावून दिला. स्पीड 0.75 केला. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण सोळा-अठरा चित्रं. आता चोवीसने चालवलं की माणसं दुडूदुडू पळतात. तुम्ही बघाल तेव्हा फास्ट वाटलं तर हेच करा.

तिने चष्मा लावला. तलवारबाजी आली.

"ही कोण?"

"ललिता पवार."

"मंथरा?"

"हो, मंथरा."

तिने फोन डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "तोंड तर झाकलंय. कशावरून तीच?"

मी काय सांगणार? मग स्वतःच म्हणाली, "परत लाव."

या वेळी मी रेकॉर्डिंग चालू केलं होतं. बॅकअप तीन ठिकाणी आहे.