पडायला शिकवणाऱ्या पाहुण्या

शाळेच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेत विषय छापला होता, 'प्रतिस्पर्ध्याची ताकद, आपला फायदा'. ज्युदो शिकवणाऱ्या प्रमुख पाहुण्या याच शाळेच्या माजी विद्यार्थिनी. माईक हाती आला आणि विषय राहिला बाजूला. आधी आली मैदानामागची पाण्याची टाकी, मग पावसात गळणारा सातवी 'ब'चा वर्ग, मग पी.टी.च्या सरांची शिट्टी. सर पहिल्याच रांगेत होते. मुलं खूश.

ज्युदोकडे बाई वळल्या त्या जिगोरो कानोंमुळे. अंगानं किरकोळ, दांडगट मुलांचा मार खाणारा हा जपानी मुलगा जुजुत्सू शिकला आणि १८८२ मध्ये टोकियोतल्या एका बौद्ध मंदिरात त्यानं 'कोडोकान' ही ज्युदोची शाळा काढली. जागा जेमतेम बारा चटयांची.

कानोंचा हिशेब दाखवायला बाईंनी दहावीतल्या एका धिप्पाड गड्याला मंचावर बोलावलं. समजा, त्याची ताकद १०, आपली ७. तो ढकलतोय आणि आपण ताठ उभे राहिलो, तर हरणारच. पण त्याच्या रेट्याबरोबर मागे सरकलो, तर त्याचाच तोल पुढे जातो. त्या क्षणी त्याच्याकडे उरतात ३. आपले ७ शाबूत, त्यातले निम्मे लावले तरी भागतं. गड्यानं जोर लावला आणि बाईंनी बाही धरून त्याला अलगद जाजमावर उतरवलं.

हिशेब कागदावर दिसतो तितका सोपा नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये ज्युदो पहिल्यांदा आला, तेव्हा खुल्या गटाच्या अंतिम लढतीत नेदरलँड्सच्या धिप्पाड अँटन गीसिंकनं जपानच्या अकिओ कामिनागाला त्याच्याच देशात हरवलं. ताकदवानानंही तंत्र घोटून घेतलं होतं!

शास्त्र एवढ्यावरच आटोपलं. उरलेला सगळा वेळ एकाच आग्रहाला: पोरांनो, पडायला शिका. ज्युदोत डाव नंतर, पडणं आधी. हनुवटी छातीला, हात जमिनीवर आपटायचा. हल्लीची मुलं पडतच नाहीत, हे बाईंनी तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा टेबलावर थाप मारून.

तुमची मुलं शेवटची कधी पडली, असं त्यांनी समोरच्या पालकांना विचारलं. 'स्कूटीवरून, गेल्या महिन्यात,' एक वडील म्हणाले. हशा ओसरायच्या आत बाई शिक्षकांकडे वळल्या: परीक्षा जवळ आली की पी.टी.चा तास गणिताला जातो, तो यंदा द्यायचा नाही.

पी.टी.च्या सरांनी लगेच टाळ्या वाजवल्या. गणिताच्या सरांनीही वाजवल्या, पण जरा उशिरा.