सहचर गेल्यानंतर
(पुण्यानुमोदनप्रसंगी केलेले भाषण)



वंदना झाली, आणि आता मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली आहे. उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. सहा वर्षांपूर्वी माझी पत्नी निवर्तली, एवढाच काय तो अधिकार.

'सर्व अनित्य आहे, शोक करू नका,' असे त्या वेळी मला पुष्कळांनी सांगितले. वचन खरे, परंतु ते सांगण्याची वेळ ती नव्हती. पटाचारेची कथा आठवा. पती सर्पदंशाने गेला, दोन्ही मुले गेली, मातापिता व भाऊ कोसळलेल्या घराखाली सापडले. ती भ्रमिष्ट व विवस्त्र फिरत असता लोक तिला हुसकावीत होते. तथागतांनी मात्र तिला जवळ येऊ दिले, भगिनी म्हणून संबोधिले. कोणी एकाने आपले वस्त्र तिच्या अंगावर टाकले. धम्माची गोष्ट त्यानंतर निघाली. हा क्रम आपण फार वेळा विसरतो.

२७ मे १९३५ रोजी माता रमाई राजगृहात निवर्तल्या. बाबासाहेबांसारखा धैर्याचा पुरुष त्या आघाताने किती व्याकूळ झाला, हे चरित्रकारांनी नमूद केले आहे. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली. म्हणून त्यांचा शोक सरला होता काय? १९४० साली पाकिस्तानवरील ग्रंथ त्यांनी आपल्या 'रामू'च्या स्मृतीस अर्पण केला! तेव्हा कोणी सहा महिन्यांत विसरण्यास सांगितले, तर मनावर घेऊ नका.

आता एक कटू गोष्ट. माझी पत्नी वारली तेव्हा माझ्या कपाळावरून कोणी काही पुसले नाही, माझ्या हातातील काही फोडले नाही. मग स्त्रीच्या वाट्यालाच हे का? ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र व जोडवी काढणे या प्रथांविरुद्ध ठराव केला. दीक्षा घेतलेल्या आपल्या काही घरांत मात्र त्या अजून चालू आहेत. याची लाज वाटावयास हवी.

शोकात असलेल्या बाईपुढे कोणी हक्कसोडपत्र ठेवले, तर तिने सही करू नये. हिंदू वारसा कायदा, १९५६ हा बौद्धांनाही लागू आहे. पतीने मृत्युपत्र केलेले नसेल, तर त्याच्या स्वतःच्या मालमत्तेत पत्नी, मुलगे, मुली व त्याची आई यांना सारखा वाटा मिळतो. विधवेच्या वाट्याला आलेली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची असते. दीराची किंवा मुलाची मेहेरबानी त्यात नाही.

पुण्यानुमोदन आटोपले की घर रिकामे होते. दुसऱ्या महिन्यापासून मी रात्रीचे जेवण उभ्यानेच उरकू लागलो होतो. शेजारच्या एक वृद्ध बाई दर बुधवारी भाकरी घेऊन येत आणि मी जेवेपर्यंत बसून राहत. फारसे बोलत नसत. त्या बुधवारची मी वाट पाहू लागलो, तेव्हा माझे मलाच नवल वाटले.

या घरातील आमच्या ताईंकडे पुढील महिन्यापासून कोण येणार, ते येथून उठण्यापूर्वी ठरवू या.