रानबदकाची हंडी
बोदवडचा मुलूख कोरडवाहू. पाणपक्षी पाहावयाचे तर तापी-पूर्णेच्या संगमालगत हतनूरच्या जलाशयावर जावें. हिवाळ्यांत तेथें थापट्या, तलवार बदक, चक्रवाक असे पाहुणे उत्तरेकडून उतरतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यांत १९९१ सालीं दुरुस्ती होऊन त्यांची परवान्याची शिकारहि बंद झाली, आणि तें उचितच झालें. परंतु शिकारीबरोबर एक पाककलाहि लोपावी, हें कांहीं बरें नव्हे.

पूर्वीं तळ्यावरचें बदक घरीं आलें, कीं गृहिणीपुढें पहिला प्रश्न मसाल्याचा नसे, वासाचा असे. शेवाळ, गोगलगायी, मासळी, जें त्याच्या पोटांत जाई त्याचा दर्प कातडीखालच्या चरबींत मुरून राही. म्हणून कोंबडीप्रमाणें नुसतीं पिसें उपटून भागत नसे. कातडी चरबीसकट सोलावी लागे. शेपटीच्या बुडाशीं असलेली तेलाची गांठ तर सर्वांआधीं काढावयाची. ती राहिली कीं सारी हंडी वायां! मांसांत रुतलेले छरेहि बोटांनीं चांचपून वेचावे लागत, कारण शिसें विषारी.

उड्डाणानें कसलेलें तें मांस काळसर नि कोरडें असे. आलें-लसूण व दही लावून तें मुरवीत, आणि भाजलेला कांदा, सुकें खोबरें, दगडफूल यांच्या खानदेशी काळ्या मसाल्यांत मंद आंचेवर शिजवीत. सोबत कळण्याची भाकरी.

आज हीच रीत पाळीव बदकाला लावावी. त्याच्या अंगीं चरबी पुष्कळ, म्हणून तेल हात राखून घालावें. कातडी ठेवली तरी चालेल. तेलाची गांठ मात्र येथेंहि काढावीच.