आपोआप उघडलेली वही



अमरावतीत मी ज्या मुलांना संगणक शिकवतो, त्यांनी सरावासाठी कापसाच्या आवकेची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम जावा या संगणकभाषेत लिहिला. माहिती साठवायला मोंगोडीबी घेतले. दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी एक मुलगी धावत आली, "सर, अर्धी आवकच दिसत नाही जी!"

मोंगोडीबीत नोंदींच्या गठ्ठ्याला कलेक्शन म्हणतात. आपण वही म्हणू. ही वही आधी उघडावी लागत नाही. पहिली नोंद टाकली की आपोआप उघडते. एकाने वहीच्या नावाचे पहिले रोमन अक्षर मोठे काढले, दुसऱ्याने लहान. संगणकाने हूं की चूं न करता दोन वह्या उघडल्या आणि आवक दोन्हींत वाटली गेली. 

जावात 'क्रिएट कलेक्शन' म्हणून वही हाताने उघडता येते. प्रोग्रॅम सुरू होताना आधीच्या वह्यांची यादी मागावी, आपली नसेल तरच उघडावी. नाव मात्र प्रोग्रॅममध्ये एकाच जागी लिहून ठेवावे. चुकीच्या नावाने नोंद गेली, तर नवी वही तेव्हाही उघडतेच.

मग हाताने उघडायची कशाला? उघडतानाच तिला नियम घालता येतात म्हणून. वजन आकड्यातच हवे, शून्याहून जास्त हवे. नसेल तर नोंद परत. आमच्या एका पोराने वजनाच्या रकान्यात अक्षरी 'बारा क्विंटल' लिहिले होते. बेरीज करताना मोंगोडीबी असा मजकूर गुपचूप वगळते. चूक दाखवत नाही, नुसती बेरीज कमी भरते. खऱ्या बाजारात हे झाले असते, तर शेतकऱ्याला काय सांगणार होतो?

आधी नियम, मग व्यवहार, हे वऱ्हाडाला नवे नाही. कापसाचा नियंत्रित बाजार देशात पहिल्यांदा सुरू झाला तो आपल्या कारंज्यात, १८८६ साली. १८९७ मध्ये वऱ्हाडातल्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदाही झाला. मुलांना मी हे सांगितले, तेव्हा जावापेक्षा कारंज्यावरच जास्त प्रश्न आले.

मुलांनी दोन्ही वह्या एक केल्या, नियम घातले आणि जुनी प्रत्येक नोंद पुन्हा तपासली. कारण नंतर घातलेला नियम आधीच्या नोंदी स्वतःहून तपासत नाही.