नांव ठेवणें आणि नांवें ठेवणें



बारशाच्या दिवशीं आत्या बाळाच्या कानांत नांव सांगते, तेव्हां त्या बाळाचें मत कोणी विचारीत नाहीं. विचारणें शक्यहि नसतें. ज्याला तें नांव जन्मभर वागवावयाचें, त्यालाच काय तो त्याच्या निवडींत भाग नसतो. मग एखाद्या आईबापांनीं हौसेनें, अविचारानें किंवा रागानें भलतेंच नांव ठेवलें, तर सरकारनें मध्यें पडावें कीं नाहीं? या प्रश्नाचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

नांवांवर निर्बंध घालण्याची कल्पना परदेशांतून आली, असें कोणी समजूं नये. ब्राह्मणाचें नांव मंगलवाचक, क्षत्रियाचें बलवाचक, वैश्याचें धनवाचक आणि शूद्राचें मात्र तिरस्कारदर्शक असावें, असा दंडक मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत आहे. म्हणजे मूल पाळण्यांत असतांनाच समाजांतील त्याची पायरी त्याच्या नांवावर कोरून ठेवावयाची! विसाव्या शतकांत हेंच काम राजसत्तेनें केलें. जर्मनीच्या नाझी सरकारनें १७ ऑगस्ट १९३८ रोजीं हुकूम काढला कीं, ज्या ज्यूंचीं नांवें सरकारी यादींतील नसतील, त्यांपैकीं पुरुषांनीं ‘इस्राएल’ व स्त्रियांनीं ‘सारा’ हें नांव आपल्या नांवास जोडलेंच पाहिजे. बल्गेरियांत १९८४-८५ च्या हिवाळ्यांत तुर्की वंशाच्या लक्षावधि नागरिकांचीं नांवें सक्तीनें बदलण्यांत आलीं. ती राजवट कोसळल्यावरच त्यांना आपलीं नांवें परत मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. नांवांची यादी सत्तेच्या हातीं गेली म्हणजे तिचा उपयोग कशाकडे होऊं शकतो, हें यावरून दिसेल.

परंतु म्हणून आईबापांना पूर्ण मोकळें सोडावें काय? न्यूझीलंडमधील एका नऊ वर्षांच्या मुलीचें नांव म्हणजे नाचणाऱ्या तरुणीचें वर्णन करणारें एक सबंध वाक्यच होतें. ती मैत्रिणींना आपलें नांव सांगत नसे. एका अक्षरावर भागवीत असे. २००८ सालीं तिला नवें नांव मिळावें, एवढ्यासाठीं न्यायालयानें तिचें पालकत्व कांहीं काळ आपल्याकडे घेतलें. तेथें सरकारनें हात झटकले असते, तर त्या मुलीनें कोणाकडे पाहावयाचें होतें?

आतां याच्या उलट आइसलँडचें उदाहरण पाहा. त्या देशानें १९९१ सालीं नांवांची छाननी करण्यासाठीं एक समितीच नेमली. एका मुलीला तिच्या आईनें ‘मंद वारा’ या अर्थाचें नांव ठेवलें होतें. तो शब्द व्याकरणांत पुल्लिंगी, सबब तें नांव मुलीला चालणार नाहीं, असा निर्णय झाला. परिणामीं सरकारी कागदपत्रांत ती पंधरा वर्षें नुसती ‘मुलगी’ राहिली! अखेर जानेवारी २०१३ मध्यें रेक्याविकच्या न्यायालयानें तिचा हक्क मान्य केला. एका मुलीला आपलें नांव नको होतें, दुसरीला तेंच हवें होतें. दोघींनाहि न्याय मिळाला तो नांव वागवणारीचें म्हणणें कोणीतरी ऐकून घेतलें तेव्हां.

आपल्या महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें, तर यादीचा मार्ग किती फसवा आहे, हें सहज ध्यानांत येतें. धोंडू, दगडू, केरू, भिकू हीं नांवें आपण ऐकत आलों आहों. आधींचीं मुलें दगावलेलीं असत; झालेल्या मुलाला दृष्ट लागूं नये, काळाची नजर त्याच्याकडे वळूं नये, म्हणून मुद्दाम हलकें नांव ठेवीत. त्या दगडू नांवामागें किती नवस असत, हें नोंदणी कचेरींतील कारकुनाला कसें कळावें? आणि ‘नकुशी’ हेंहि नांव वरवर पाहतां त्याच जातीचें! पण तें मुलीला जपण्यासाठीं ठेवलेलें नसतें. मुलगी नको होती, एवढेंच तें सांगत असतें, आणि शाळेंत रोज हजेरीच्या वेळीं तें तिला ऐकावें लागतें. दोन्ही नांवें हलकीं. एकांत जीव ओतलेला, दुसऱ्यांत जीव नाकारलेला. हा भेद कोणत्याहि शब्दकोशांत सांपडावयाचा नाहीं.

सातारा जिल्ह्यांत ऑक्टोबर २०११ मध्यें अशा २८५ मुलींना समारंभपूर्वक नवीं नांवें देण्यांत आलीं. कांहींनीं तीं स्वतः निवडलीं. येथें शासनानें कोणतीहि यादी केली नाहीं, कोणावर बंदी घातली नाहीं. नांव बदलावयाची वाट तेवढी त्या मुलींच्या दारापर्यंत नेली. माझ्या मतें सरकारचें खरें काम तें हेंच.

आपल्या १९६९ च्या जन्म-मृत्यु नोंदणी कायद्यांत नांवांची यादी नाहीं, हें योग्यच आहे. राजपत्राच्या द्वारें नांव बदलतां येतें, हेंहि खरें. पण अज्ञान मुलाचा अर्ज त्याच्या पालकानेंच करावा लागतो. म्हणजे ज्यानें नांव लादलें, त्याचीच सही आणावयाची! फ्रान्समध्यें १८०३ पासूनचे कडक निर्बंध १९९३ सालीं उठले. नोंदणी अधिकाऱ्याला नांव नाकारतां येत नाहीं. त्यांत मुलाचें अहित दिसलें, तर प्रकरण न्यायाधीशापुढें जातें. शिवाय तेरा वर्षांवरील मुलाचें नांव त्याच्या संमतीवांचून बदलत नाहीं. आपणहि याच दिशेनें जावें. नांव ठेवण्याचा हक्क आईबापांचा राहूं द्यावा. उघड अपाय असेल तेथें निवाडा कारकुनानें नव्हे, तर न्यायाधीशानें करावा. आणि जाणत्या मुलाला आपलें गाऱ्हाणें पालकाच्या सहीवांचून मांडतां यावें.

मराठींत ‘नांव ठेवणें’ निराळें आणि ‘नांवें ठेवणें’ निराळें. पहिलें आईबापांनीं करावें. दुसरें करण्याचा मोह सरकारनें आवरावा. परंतु ज्याच्या नांवालाच लोक नांवें ठेवतात, त्या मुलासाठीं मात्र त्याचें दार उघडें असलें पाहिजे.